आधी सुरक्षितता, मग साक्ष : तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांची सेवा करू इच्छिणाऱ्या मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील अनेक मंडळ्यांत, मग त्या कॅथलिक असोत, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असोत, मेथडिस्ट असोत की अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्या असोत, मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रिया आणि मुली यांच्यासाठी काहीतरी करावे अशी तळमळ आढळते. ही तळमळ खरी असते. परंतु मनावर खोल आघात झालेल्या माणसाजवळ कसे बसावे, काय विचारू नये आणि कायद्याने आपल्याला कोठे थांबवले आहे, हे ठाऊक नसेल, तर त्याच तळमळीतून तिला पुन्हा इजा होते. पाळक, धर्मभगिनी, महिला मंडळाच्या कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक यांनी काम सुरू करण्यापूर्वी वाचावे म्हणून हे लिहिले आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची हकिगत आहे. येशू त्या घरी पोहोचतो तेव्हा तेथे रडारड आणि गोंगाट चाललेला असतो. तो प्रथम गर्दीला बाहेर काढतो, मुलीच्या आईवडिलांना आणि तीन शिष्यांना तेवढे सोबत ठेवतो, आणि मुलगी उठून चालू लागल्यावर दोन सूचना देतो : ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका, आणि तिला काहीतरी खायला द्या. कॅथलिक धर्मभगिनींनी २००९ मध्ये तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय जाळे उभारले, तेव्हा त्याला याच प्रसंगातील ‘तलिथा कूम’ (‘मुली, ऊठ’) हे शब्द नाव म्हणून दिले. आपल्या सेवेचा क्रमही मला याच प्रसंगात सापडतो. गर्दी हटवणे, गुप्तता पाळणे आणि जेवू घालणे एवढे मंडळीला नीट जमले, तरी पुढील बरेचसे काम सुकर होते.

ज्यांनी तिला विकले आणि विकत घेतले, त्यांनी सर्वांत आधी तिच्याकडून स्वतःविषयी ठरवण्याचा अधिकार हिरावून घेतलेला असतो. कधी उठायचे, काय खायचे, कोणाला जवळ येऊ द्यायचे, दार केव्हा उघडायचे, यांपैकी काहीही तिच्या हातात राहिलेले नसते. म्हणून मंडळीची प्रत्येक कृती एकाच कसोटीवर तपासावी : या कृतीने ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे परत जातो आहे, की आता तो आपण आपल्या ताब्यात घेतो आहोत?

कायद्याच्या चौकटीत उभे राहा

सुटका करणे हे मंडळीचे काम नाही. एखाद्या वस्तीत, लॉजमध्ये किंवा घरात अल्पवयीन मुलीला डांबून ठेवल्याचा संशय आला, तर ११२ किंवा बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे, अथवा पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाला माहिती द्यावी. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे. आपणच चार तरुणांना घेऊन तेथे जाण्याने पुरावा नष्ट होतो, मुलींना रातोरात दुसरीकडे हलवले जाते आणि मागे राहिलेल्या मुलींना त्याची किंमत मोजावी लागते.

सुटकेनंतरची प्रक्रियाही समजून घेतली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलीला बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. प्रौढ स्त्रीला अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ नुसार दंडाधिकाऱ्यांपुढे नेले जाते. तिचे वय, घरची परिस्थिती आणि घर तिच्यासाठी सुरक्षित आहे का, यांची चौकशी होते, आणि आवश्यक वाटल्यास एक ते तीन वर्षांपर्यंत तिला संरक्षण गृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो. त्यामुळे ‘आम्ही तिला आमच्याकडे ठेवून घेतो’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला किंवा सदस्याला नाही, त्यामागचा हेतू कितीही चांगला असला तरी.

निवारागृह काढण्याचा विचारही पहिल्या काही वर्षांत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा गृहांना कायद्याने नोंदणी आणि परवाना लागतो. नोंदणी नसलेल्या घरात मुली ठेवणे हा गुन्हा आहे. त्याऐवजी आधीच नोंदणीकृत असलेल्या संस्थेला जोडून घ्यावे. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यावे, संस्थेच्या अधीक्षकांना भेटावे आणि त्यांना कशाची गरज आहे हे विचारावे. उत्तर बहुधा अगदी साधे असते : रुग्णालयात सोबत जाणारी एक विश्वासू बाई, बंगाली बोलणारी व्यक्ती, शिकवणी घेणारी शिक्षिका.

येथे एक स्थानिक बाब ध्यानात ठेवावी. वाशी, नेरूळ, तुर्भे, ऐरोली, बेलापूर हा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात मोडतो, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्हींसाठी नवी मुंबईचे असले, तरी बालकल्याण समिती, महिला व बाल विकास कार्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे जिल्ह्यानुसार बदलते. खारघरच्या प्रकरणात विधी साहाय्याचा अर्ज ठाण्याला नेला, तर तो अलिबागला पाठवला जातो आणि त्यात आठवडे जातात. घटना कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत नोंदली गेली आहे, हे आधी पाहून घ्यावे.

तस्करी म्हणजे केवळ देहविक्रय, असेही समजू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये शारीरिक शोषण, गुलामगिरी, दास्य आणि बळजबरीने अवयव काढून घेणे यांचाही समावेश आहे, आणि पीडित व्यक्तीने आधी संमती दिली होती की नाही हा मुद्दा गुन्हा ठरवताना गैरलागू मानला आहे. भिवंडी, शहापूर, मुरबाड या तालुक्यांत उचल घेऊन वीटभट्टीवर अडकलेली कातकरी कुटुंबे हेही याच दुःखाचे एक रूप आहे. त्यांच्यासाठी वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आणि मुक्ती प्रमाणपत्राची वाट आहे. उलटपक्षी, देहविक्रय करणारी प्रत्येक प्रौढ स्त्री तस्करीचीच बळी आहे असेही गृहीत धरू नये. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. स्वतःला पीडिता न म्हणवणाऱ्या स्त्रीला ते बळेच म्हणायला लावणे ही सेवा नव्हे.

भेटीपूर्वीची तयारी

स्वयंसेवकांची संख्या कमी ठेवावी. दर आठवड्याला वेगवेगळ्या आठ जणी येण्यापेक्षा त्याच दोघीजणी वर्षभर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणे कितीतरी मोलाचे असते, कारण दिलेला शब्द पाळणारी माणसे तिच्या आयुष्यात फारशी आलेली नसतात. भेटीला येणाऱ्या स्त्रियाच असाव्यात, त्या जोडीने असाव्यात, आणि प्रत्येकीची पोलीस पडताळणी झालेली असावी. मंडळीतील पुरुषांनी न्यायालयीन कागदपत्रे, वाहन, दुरुस्ती, निधी आणि नोकरी देणाऱ्यांशी बोलणी ही कामे पाहावीत. आपल्याच माणसाकडून गैरवर्तन झाले तर तक्रार कोणाकडे करायची, हे लेखी ठरवून निवासी स्त्रियांना त्यांच्या भाषेत सांगावे. ‘आपल्या मंडळीत असे होणार नाही’ ही समजूत धोक्याची आहे.

मराठी मंडळ्यांपुढे भाषेची मोठी अडचण येते. येथे सुटका होणाऱ्या अनेक मुली पश्चिम बंगाल, बांगलादेश, नेपाळ, कर्नाटक किंवा आंध्र प्रदेशातून आणलेल्या असतात. दुभाषी आवश्यक आहे. पण ती व्यक्ती मुलीच्या गावाकडची, नात्यातली किंवा त्याच वस्तीशी संबंध असलेली नसावी. ती स्त्री असावी, आणि ऐकलेले तेथेच सोडण्याची शपथ तिने घेतलेली असावी.

नेण्याच्या वस्तूंविषयी थोडेसे. जुने कपडे पोत्यात भरून नेऊ नयेत. नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, पायाच्या मापाच्या चपला, कंगवा, केसांचे तेल आणि स्वतःचे कुलूप असलेली छोटी पेटी यांनी माणसाला माणूस असल्यासारखे वाटते. रंग आणि माप आधी विचारून घ्यावे.

आघात कसा दिसतो

आघात झालेले शरीर धोका संपल्यानंतरही धोक्यातच वावरत असते. समजा, वाशीच्या एखाद्या सेक्टरमध्ये, खाली दुकाने असलेल्या इमारतीत शिवणवर्ग चालला आहे. दुपारी एक वाजता खालच्या दुकानाचे शटर खडखडत खाली येते. इतर जणी बोलत राहतात, पण एकीचा हात मशीनच्या चाकावर थांबतो, नजर एका जागी खिळते, आणि हाक मारली तरी ती ऐकू येत नसल्यासारखी बसून राहते. हे नाटक नाही, आळस नाही, आणि कोणता आत्मा तिच्यात शिरलेला नाही. शटरच्या आवाजाने तिचे मन क्षणात त्या जागी परत गेले आहे, जेथे शटर पडणे म्हणजे बाहेरची वाट बंद होणे होते.

अशा वेळी खांदा धरून हलवू नये, भोवती घोळका करू नये. थोड्या अंतरावर, तिच्या नजरेच्या टप्प्यात बसावे आणि नेहमीच्या आवाजात सांगावे : ‘मी अमुक आहे. आपण वाशीला शिवणवर्गात आहोत. आज मंगळवार आहे. खालचे दुकान जेवणासाठी बंद झाले, त्याचा आवाज होता.’ मग पाय जमिनीवर टेकवायला, खोलीतल्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायला, पाण्याचा थंड पेला हातात धरायला सुचवावे. ती सावरल्यावर ‘काय आठवले?’ असे विचारू नये. ‘थोडा वेळ बाहेर बसायचे आहे की काम चालू ठेवायचे आहे?’ असे विचारावे. पुढच्या वेळी दुकानदाराला सांगून शटरची वेळ आधी कळवून ठेवता येते किंवा वर्गाची वेळ बदलता येते, आणि एवढ्याशा व्यवस्थेने किती फरक पडतो हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटते.

इतर लक्षणेही ओळखीची करून घ्यावीत : रात्री झोप न लागणे, वाईट स्वप्ने, अकारण संताप, खोटे बोलणे, अन्न लपवून ठेवणे, एकदम जिव्हाळा आणि दुसऱ्या दिवशी शिव्या, व्यसनाची ओढ. अनेकींना ज्या बाईने राबवले तिच्याविषयीच माया वाटते, आणि संधी मिळताच त्या परत जाण्याचा प्रयत्न करतात. मंडळीतील लोक येथे सर्वांत जास्त दुखावले जातात, ‘एवढे केले तरी’ असे म्हणतात. परंतु मारणाराच जेवू घालणारा होता, अशा ठिकाणी जगण्यासाठी मनाने बांधलेली ती गाठ आहे. ती सुटायला काळ लागतो, आणि परत गेलेल्या स्त्रीसाठी दार उघडे ठेवणे हाही सेवेचाच भाग आहे.

बोलून मोकळे केले की माणूस बरा होतो, हा समज मंडळ्यांत खोलवर रुजला आहे. एकाच बैठकीत आघाताचा सारा तपशील वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही अमान्य केली आहे. तिचा उपयोग होत नाही, आणि कधी अपायही होतो. संघटनेने सुचवलेले मानसिक प्रथमोपचार साधे आहेत : तिची सुरक्षितता आणि तातडीच्या गरजा पाहा, ती बोलेल तेवढे ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. आघाताच्या आठवणींवरील उपचार प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञच करतील. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ आहे, आणि टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आत्महत्येचा विचार तिने बोलून दाखवला, तर त्या दिवशी तिला एकटे सोडू नये आणि अधीक्षकांना तत्काळ कळवावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे प्रार्थनेच्या भरवशावर बंद करायला सांगणे हा तर जिवाशी खेळ आहे.

शरीराच्या उपचारांनाही विलंब नको. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर शासकीय आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी विनामूल्य प्रथमोपचार करावेत, असे कायदा सांगतो. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तपासणी कोणती आणि कशासाठी हे तिला समजेल अशा भाषेत डॉक्टरांकडून सांगितले जावे, नकार देण्याचा तिचा हक्क मान्य व्हावा, आणि तिला मिळणाऱ्या वैद्यकीय माहितीच्या आड मंडळीच्या कोणीही येऊ नये.

रोजच्या वागण्यातील आदर

तिला तिचे नाव विचारावे, आणि ती सांगेल तेच वापरावे. या व्यवसायात नावे बदलली जातात. सुदानमध्ये लहानपणी पळवून विकल्या गेलेल्या संत जोसेफीन बखिता यांना तर स्वतःचे जन्मनाव आठवेनासे झाले होते. प्रौढ स्त्रीला ‘तू’ म्हणू नये, ‘तुम्ही’ म्हणावे. आजवर भेटलेल्या प्रत्येकाने तिला एकेरीतच हाक मारलेली असते. तिने स्वतःहून ‘मला तू म्हणा, ताई’ म्हटले तर गोष्ट वेगळी. दारावर टकटक करून ‘आत येऊ का?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत उंबरठ्याबाहेरच थांबावे. कडी आतून लावता येईल, अशी व्यवस्था शक्य तेथे करवून घ्यावी.

जेवणाच्या वेळी तिला निवड करू द्यावी. आज भात की चपाती, तिखट किती, स्वयंपाकात हात लावायचा आहे की नुसते बसायचे आहे, हे विचारले की सुरुवातीला उत्तर येते, ‘काहीही चालेल.’ पुष्कळ दिवस तेच उत्तर येते. म्हणून विचारणे थांबवू नये. एके दिवशी ती म्हणते की डाळीत लसूण जास्त हवा, आणि त्या दिवशी लसूण जास्त घालावा. या गोष्टीला मी एखाद्या समुपदेशन सत्राइतकेच महत्त्व देते.

प्रार्थना कधी आणि कशी

हा भाग सर्वांत नाजूक आहे, म्हणून येथे सविस्तर लिहिते. संरक्षण गृहात राहणारी स्त्री आपल्याला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही. जेवण, कपडे, रुग्णालय, नोकरी ज्यांच्या हातून मिळते, त्यांनी ‘प्रार्थना करू या का?’ म्हटले, तर ती मान डोलावणारच. त्या होकाराला संमती समजू नये. मदत आणि उपासना या दोन गोष्टी वेळेने, जागेने आणि शक्यतो माणसांनीही वेगळ्या ठेवाव्यात. उपासनेला न येणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला कोणतीही गोष्ट कमी येता कामा नये, आणि हे शब्दांत सांगून वागण्यातून दाखवावे. तिचा धर्म हिंदू असेल, मुस्लिम असेल, तर तिच्या सणांची, उपवासांची आणि देवाची आठवण ठेवणे हे आपल्या विश्वासाला बाधक नाही. या प्रश्नाचा इतिहास मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या शाळा-वसतिगृहावरून, १८९३ मध्ये पुण्यात धर्मांतराचा मोठा वाद झाला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार म्हणून अंग काढून घेतले आणि अनेक मुलींना पालकांनी परत नेले. वादात कोणाची बाजू बरोबर होती यावर मतभेद राहतील. शिक्षण मात्र त्या मुलींचे थांबले. संशयाला जागा राहिली की सर्वांत आधी नुकसान होते ते ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांचेच.

तिने स्वतः प्रार्थना मागितली, तर ती करावी. थोडक्यात, हळू आवाजात आणि तिने सांगितलेल्या गोष्टीसाठीच. डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवू नये. भोवती उभे राहून मोठ्या आवाजात प्रार्थना करू नये. डोळे मिटायला सांगू नये, कारण अनेकींना डोळे मिटून अनोळखी माणसांत बसणे असह्य होते. तिच्या सुन्न होण्याला किंवा किंचाळण्याला अशुद्ध आत्मा ठरवून तो घालवण्याचे प्रयोग तर पूर्णपणे वर्ज्य मानावेत. अशा प्रयोगात तिला धरून ठेवले जाते, तिच्यावर ओरडले जाते, आणि जे पूर्वी घडले तेच देवाच्या नावाने पुन्हा घडते. अशक्त आणि औषधांवर असलेल्या स्त्रीला उपास करायला सांगू नये.

शब्दही जपून निवडावेत. ‘आकाशातील पिता’ हा आपल्याला जिव्हाळ्याचा शब्द, पण जिला बापानेच विकले तिला तो ऐकून अंगावर काटा येऊ शकतो. मेंढपाळ, आश्रय, खडक अशा शब्दांनी प्रार्थना करता येते. ‘पतित’, ‘पापी जीवनातून बाहेर आलेली’ हे शब्द तिच्यासाठी वापरू नयेत, कारण पाप तिच्यावर झाले आहे. मरीया मग्दालीयेचे उदाहरणही पुष्कळदा विनाकारण ओढून आणले जाते. शुभवर्तमानांत तिला कोठेही वेश्या म्हटलेले नाही. ती समजूत सहाव्या शतकातील एका पोपच्या प्रवचनानंतर पक्की झाली. त्यापेक्षा विलापाची स्तोत्रे जवळची वाटतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, कोणताही दिलासा न देता, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आपले दुःख आवरून गोड करून मांडण्याची गरज नाही, हे त्यातून न सांगता पोहोचते.

क्षमेचा विषय आपण काढू नये. तिने काढला, तर योसेफाची गोष्ट पूर्ण सांगावी. भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकले होते. पुढे भाऊ समोर आले तेव्हा तो राजाच्या खालोखाल अधिकारी होता आणि सुरक्षित होता. तरी त्याने लगेच ओळख दिली नाही, त्यांची परीक्षा घेतली, बाजूला जाऊन रडला, आणि स्वतः तयार झाल्यावरच बोलला. क्षमा म्हणजे तक्रार मागे घेणे नव्हे, हेही स्पष्ट सांगावे. आरोपीचे नातेवाईक ‘ख्रिस्ती माणसे क्षमा करतात ना’ असे म्हणत समझोत्याचे निरोप पाळकांपर्यंत पोहोचवतात. तो निरोप तिच्यापर्यंत न नेता सरकारी वकील किंवा तपास अधिकाऱ्यांना कळवावा.

साक्ष, छायाचित्रे आणि नाताळ

आपल्या मंडळ्यांत साक्षीला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे सर्वांपुढे उभे राहून सांगण्याला, मोठे स्थान आहे. म्हणूनच सुटलेल्या स्त्रीला मंचावर उभे करण्याचा मोह होतो, विशेषतः डिसेंबरमध्ये, जेव्हा देणगीदार येतात आणि नाताळचे कार्यक्रम ठरतात. तो मोह टाळावा. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे; बालकांच्या बाबतीत पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा) आणि बाल न्याय कायदा यांची बंधने आणखी कडक आहेत. चेहरा धूसर केला तरी आवाज, गावाचे नाव, हातावरचे गोंदण यांवरून माणूस ओळखू येतो. व्हॉट्सॲपवरील प्रार्थनेच्या गटात ‘भिवंडीहून सुटलेल्या, उपचार सुरू असलेल्या अमुक भगिनीसाठी’ असा मजकूर टाकणे हीसुद्धा ओळख उघड करण्याचीच एक रीत आहे. देव नाव न घेता केलेली प्रार्थना ऐकतो. भेटीच्या वेळी सर्वांचे मोबाइल बाहेर ठेवावेत. ८ फेब्रुवारीला, संत बखितांच्या स्मृतिदिनी, तस्करीविरोधी प्रार्थना दिन पाळला जातो. तो अवश्य पाळावा, पण निवासी स्त्रियांना तेथे दाखवण्यासाठी आणू नये.

याला न्यायालयीन बाजूही आहे. खटला उभा राहायला महिने, कधी वर्षे लागतात. दरम्यान आपण तिच्याकडून हकिगत पुन्हा पुन्हा ऐकली, लिहून ठेवली किंवा चित्रित केली, तर त्यातील लहानसहान तफावती दाखवून बचाव पक्षाचा वकील तिची साक्ष खोटी ठरवण्याचा प्रयत्न करू शकतो. आघातात आठवणींचा क्रम विस्कळीत होतो, म्हणून अशा तफावती असणारच. तिने आपणहून सांगितले तर ऐकावे, खोदून विचारू नये, आणि काय बोलावे हे कधीही पढवू नये. एक मर्यादा मात्र पहिल्याच भेटीत सांगून ठेवावी : अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा हे आधी सांगणे बरे. न्यायालयाच्या दिवशी तिच्यासोबत एकीने जावे, पाण्याची बाटली, डबा आणि दुपट्टा घ्यावा, आरोपीचे लोक व्हरांड्यात समोर येणार नाहीत अशी बसण्याची जागा कर्मचाऱ्यांकडून आधी मागून ठेवावी.

काम, कागदपत्रे आणि घर

विनामूल्य वकिलासाठी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. तस्करी आणि व्यावसायिक लैंगिक शोषणाच्या पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची स्वतंत्र योजनाही आहे. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांसाठी राज्यात २०१३ पासून अर्थसाहाय्याची मनोधैर्य योजना आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करावी. आधार कार्डासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या ठरावीक प्रमाणपत्रावर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ते मिळावे, आणि त्यात त्यांची ओळख उघड होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. बँक खाते तिच्या एकटीच्या नावे असावे. त्याचे पासबुक संस्थेच्या किंवा मंडळीच्या कपाटात असू नये.

कामाबाबत शिवण आणि ब्यूटी पार्लर यांपलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी शेती, विणकाम आणि छापखाना अशी अनेक कामे स्त्रियांच्या हाती दिली होती, आणि त्याला शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तिला काय येते आणि काय शिकावेसे वाटते, हे आधी विचारावे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पॅकिंगपासून संगणकावरील नोंदींपर्यंत कामे आहेत. मालकाला तिचा पूर्वेतिहास सांगण्याची गरज नाही. शिफारस करणाऱ्या मंडळीने तो स्वतःजवळच ठेवावा. कामाची जागा निवडताना रोजचा रस्ता तपासावा : जिची सुटका तुर्भ्यातून झाली, तिला ठाणे-वाशी लोकलने रोज तुर्भे स्थानकावरून जावे लागेल अशी नोकरी, पगार चांगला असला तरी, तिला विचारल्याशिवाय ठरवू नये.

घरी परत पाठवण्याची घाई करू नये. गृहचौकशीचा अहवाल यावा, विकण्यात घरातील किंवा शेजारचा कोणी होता का हे पाहिले जावे, आणि तिची इच्छा दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा समितीपुढे स्वतंत्रपणे नोंदवली जावी. लग्न लावून देणे म्हणजे पुनर्वसन, ही समजूत मंडळीने पूर्णपणे सोडावी. मंडळीतल्या एखाद्या ‘चांगल्या मुलाचे’ स्थळ घेऊन येणाऱ्यांना पाळकांनी तेथेच थांबवावे.

सेवा करणाऱ्यांच्या मनावरही या कामाचा भार साचतो : झोप उडते, चिडचिड वाढते, घरात मन लागत नाही. प्रत्येक जोडीने महिन्यातून एकदा प्रशिक्षित समुपदेशकाला भेटावे, आणि त्याचा खर्च मंडळीच्या अंदाजपत्रकात धरावा. थकलेल्या स्वयंसेविकेने काही महिने थांबायचे ठरवले, तर ते निवासी स्त्रीला निदान तीन-चार भेटी आधी सांगावे, नव्या व्यक्तीची ओळख स्वतः करून द्यावी, आणि शेवटच्या भेटीचा दिवस दोघींनी मिळून ठरवावा. गृहातून बाहेर पडल्यानंतरही तिला फोन करता येईल असा मंडळीचा एक कायमचा क्रमांक असावा, आणि रात्री दहानंतर तो कोण उचलणार, याची पाळी कागदावर लिहून ठेवावी.